जिवाणी

पोलिसांना मी सांगितलं ते वेगळं आणि तुम्हाला सांगतोय ते वेगळं. त्यांना खोटं सांगितलं असं नाही, अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं गेले दोन महिने माझ्या पोटात आहे आणि आता ते तिथं राहत नाही.

माझं नाव तरुण. जळगावात कापडाचं दुकान आहे. घरचे मला शिस्तीचा किडा म्हणतात, आणि खोटं कशाला बोला, मला ते आवडतं. आमच्या पाच घरांचा एक ग्रुप आहे, सगळी जैन मंडळी. जानेवारीत मुलांना घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला दोन दिवस तंबूत राहायचं, ही कल्पना माझीच. कारण आमची मुलं! चिप्सचं पाकीट चालत्या गाडीतून बाहेर भिरकावणार, झाड दिसलं की फांदी मोडणार. म्हटलं, जरा उघड्यावर राहू द्या, चार चांगल्या सवयी लागतील. शनिवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी जाड खादीचा तागा काढला आणि पाणी गाळायला दुपदरी गाळणी शिवून घेतली. बाकीचे लोक बॅट-बॉल घेऊन आले, मी गाळणी घेऊन निघालो.

"भाईसाब, पिकनिकला चाललोय की दीक्षा घ्यायला?" गाडीत पियुष म्हणालाच.

पियुष म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, हिनाचा नवरा. तोंडावर मी त्याला पियुषजी म्हणायचो, अहोजाहो करायचो, घरचा जावई म्हणून. पण माणूस असा, की मुलं त्याच्या अंगाखांद्यावरून उतरायची नाहीत. माझी आठ वर्षांची पलक तर सगळ्यात पुढे. तिची आई माहेरी गेली होती, त्यामुळे पलकची सगळी जबाबदारी माझ्या एकट्यावर होती. निघताना बायकोने फोनवर दोनदा बजावलं होतं, पोरीवरून नजर हटवू नका.

चोपड्याच्या पुढे एका ओळखीच्या माणसाचं केळीचं शेत आहे. बागेच्या अलीकडे आम्ही तंबू ठोकले. कचऱ्याची पिशवी कुठे टांगायची, चुलीसाठी पडलेलंच लाकूड कसं आणायचं, भांडी पाण्याच्या जवळ का घासायची नाहीत, सगळं मी मुलांना समजावलं. अडचण पाण्याची होती. बोअरच्या मोटरला वीज रात्रीची, आणि आणलेले कॅन दुपारीच संपत आले. बागेच्या पलीकडच्या टोकाला, तंबूंपासून दोनशे पावलांवर, एक जुनी विहीर होती. रहाट होता, दोर होता, कठडा मात्र गुडघ्याएवढाच. शेत राखणारे झुलालभाऊ साठीचे असतील. त्यांना विचारलं, तिथलं पाणी चालेल का?

ते म्हणाले, "काढाले काही हरकत नही, भाऊ. गोड पानी शे. पन मझार काही टाकू नका."

"आम्ही कशाला कचरा टाकतोय? तेच तर पोरांना शिकवायला आलोय."

"कचरानं नही म्हनत मी. काहीच टाकू नका. तिले सवय लावू नका."

मला हसू आलं. विहिरीला सवय! मी इतकंच म्हटलं, की बरं. चार वाजताच झुलालभाऊ, दिवस मावळायच्या आत घरी जातो म्हणून, सायकलवर टांग मारून निघून गेले.

आता आमची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाणी गाळल्यावर फडक्यात जे बारीक जीव अडकतात त्यांना आम्ही जिवाणी म्हणतो. ती फेकायची नाही. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती परत करायची. तीही वरून ओतायची नाही, जीव आपटतात. फडकं बादलीत उलटं धुवायचं, बादली थेट पाण्यापर्यंत सोडायची आणि बुडाला बांधलेल्या सुतळीने अलगद कलती करायची. माझ्या आजीने मला शिकवलं, मी मुलांना शिकवायचं ठरवलं होतं. झुलालभाऊंचं बोलणं मला आठवत होतं, नव्हतं असं नाही. पण मी स्वतःशीच वकिली केली, की हे टाकणं नाही, हे परत करणं आहे.

नऊ मुलं कठड्यापासून चार पावलं लांब रांगेत उभी केली. पहिली बादली मी सोडली. खोल होती विहीर, ऊन आत उतरत नव्हतं. सुतळी ओढली, दोर हलका झाला, पण पाण्यात पाणी पडल्याचा आवाज काही आला नाही. दुसऱ्या वेळी अर्हमने, माझ्या पुतण्याने, माझ्यासोबत दोर धरला. तिसऱ्या वेळी पलक.

"पप्पा," ती कुजबुजली, "खालून घेतली."

"काय घेतलं?"

"बादली... हळूच."

"पाणी लागलं असेल, बेटा."

बादली वर आली ती आतून बाहेरून लख्ख, घासून ठेवल्यासारखी. आणि एक वास आला, ओल्या केसांचा. नुकत्याच शिकेकाईने न्हालेल्या बाईजवळून जाताना येतो तसा. मी आजूबाजूला बघितलं. केळीची वाळकी पानं एकमेकांवर घासत होती, दुसरं काही नाही. मुलांना तो खेळ इतका आवडला, की एरवी पाण्याच्या ग्लासला हात न लावणारी पोरं पाणी आणायला भांडायला लागली. मी खूश! पाचव्या खेपेला अर्हम मुठीत नाकतोडा घेऊन आला.

"हा विहिरीतला नाही," मी रागावलो. "जिथला आहे तिथं सोड."

"पण काका, तिला पाहिजे."

मला वाटलं, विहिरीबद्दल बोलतोय. मुलंच ती. नाकतोडा सोडायला लावला आणि सगळ्यांना जेवायला पिटाळलं, कारण आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवण उरकावं लागतं.

सहाला जेवणं झाली. सूर्य डोंगराआड गेला तरी उजेड होता, तांबूस. पियुष मात्र रात्रीचं पाळत नसे. त्याला चहा हवा होता आणि कॅनमध्ये थेंब नव्हता. "बघा हं भाईसाब, न गाळता पितो आज," असं मला चिडवत तो बादली घेऊन बागेतून गेला. मी फडकं घेऊन त्याच्या मागे निघालो. त्याला रोखायला नाही, त्याच्याशी वाद घालायला. पलककडे लक्ष ठेव असं हिनाला सांगायचं राहून गेलं.

मी पोहोचलो तेव्हा त्याने भरलेली बादली वर घेतली होती, ओंजळभर पाणी प्यायलाही होता.

"गोड आहे," तो म्हणाला. दोराचं टोक त्याने मनगटाला दोन वेढे देऊन धरलं होतं.

मी म्हटलं, "निदान जिवाणी तरी..."

"जिवाणी गेली पोटात," तो हसला.

बादली कठड्यावरून आत गेली. पडली नाही. ओढली गेली.

दोर ताणला आणि पियुष तोंडावर आपटला. हनुवटी दगडावर आदळल्याचा आवाज मी आजही ऐकतो. तो ओरडायला गेला तर तोंडातून रक्त आणि दातांचे तुकडे आले. मी धावत जाऊन त्याच्या कमरेला मिठी मारली आणि टाचा रोवल्या. खालून तीन हिसके, मग थांबा. तीन हिसके, मग थांबा. कोणी अगदी सवडीने ओढत होतं. चौथ्या खेपेला त्याचा हात खांद्यातून निखळला. वेढ्यांखालची कातडी मोज्यासारखी सोलवटून पंज्यावर आली. "भाईसाब... सोडू नका... हिना..." एवढंच तो बोलत होता. मी दोर सोडवायला हात पुढे केला, की तो आणखी आत जायचा. मी जिवाच्या आकांताने ओरडलो. आणि ओरडताना छातीत तो वास भरला, ओल्या केसांचा, इतका जवळून, की गालाला ओल लागली.

माझ्या ओरडण्याने मुलं आली. मोठ्यांच्या आधी मुलं आली, आणि एकही रडत नव्हतं. कठड्यापासून चार पावलांवर, मी शिकवलं तशी, ती रांगेत उभी राहिली. प्रत्येकाची ओंजळ मिटलेली. एकेक जण पुढे यायचा, कठड्यावरून वाकून ओंजळ अलगद उघडायचा आणि मागे सरायचा. मुंगळे होते, नाकतोडे होते. अर्हमच्या हातात चिमणीचं पिल्लू होतं, मान मुरगळलेली.

"पळा!" मी किंचाळलो. "तंबूकडे पळा सगळे!"

कोणी हललं नाही. हिसके थांबले नाहीत. पियुषची छाती आता कठड्यापलीकडे गेली होती, दगडावर त्याच्या रक्ताचा पट्टा उमटला होता, पण त्याची कंबर माझ्या हातात घट्ट होती. मी खरं सांगतो, माझ्यात ताकद होती. बागेतून हिनाचा आणि बाकीच्यांचा आवाज जवळ येत होता. आणखी मिनिटभर मी त्याला नक्की धरलं असतं.

रांगेत शेवटी पलक होती. तिच्या ओंजळीत काही नव्हतं.

"पप्पा," ती म्हणाली, "माझ्याकडे काहीच नाहीये..."

आणि ती कठड्यावर चढली. दोन्ही पाय जुळवून, आत तोंड करून उभी राहिली. गुडघ्याएवढा कठडा, त्यावर माझी पोर. तिने एक पाय उचलला.

मी पियुषला सोडलं.

निसटला नाही तो. मी सोडला. दोन्ही हात काढले आणि पलकला उचलून मागे पडलो. पडता पडता पियुषचे डोळे दिसले, त्याला सगळं कळलेलं होतं. तो आत गेल्याचा आवाजही आला नाही. दोर सैल झाला आणि रहाट जरा वेळ नुसताच फिरत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंप लावून विहीर उपसली. पियुष तळाशी उताणा होता, हातपाय नीट सरळ केलेले. तोंडावर माझंच फडकं होतं, दुपदरी पसरलेलं, चारी कोपरे ताणून बसवलेलं. माझ्या हातातून ते कधी गेलं, मला माहीत नाही. काठावर झुलालभाऊ टोपी काढून उभे होते. मी त्यांच्यावर धावून गेलो. म्हटलं, विहिरीत असं काही आहे तर स्पष्ट का नाही सांगितलं?

ते हळूच म्हणाले, "मी इहिरनी गोट करी नव्हती, भाऊ. इहीर तं दगडनी शे. तिले काय सवय लागनार?"

"मग 'तिले' म्हणजे कोणाला?"

त्यांनी टोपी घातली. सायकल काढली आणि ते बागेतून निघून गेले.

पोलिसांनी अपघात लिहिला. दोर हाताला गुंडाळला, पाय घसरला. मुलांना काहीच आठवत नाही. अर्हमला पिल्लाचं विचारलं तर तो खरोखर गोंधळून बघतो. पलकला विचारायची मला हिंमत झाली नाही. बाराव्याच्या दिवशी हिनाने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"भाईसा, एकच विचारते. हात सुटला की सोडला?"

"सुटला गं," मी म्हणालो.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. तेव्हापासून ती आमच्याकडे आलेली नाही. मी तिचा गुन्हेगार आहे, पण पलकसाठी मी पुन्हा तेच करीन, हेही तितकंच खरं. या एका गोष्टीवर मी दोन महिने तग धरून होतो. माझ्यापुढे दोघं होती, मी पोरीला वाचवलं. कोणताही बाप हेच करेल.

काल संध्याकाळपर्यंत मी असाच तग धरून होतो. काल पलक सोफ्यावर माझ्या शेजारी बसून चित्र रंगवत होती. बायको पोळ्या करत होती, घरात दिवे लागलेले. मला कोण जाणे काय वाटलं, मी विचारलं, "पलक, त्या दिवशी तू कठड्यावर का चढलीस गं? पडली असतीस ना..."

"नसते पडले," ती रंगवता रंगवता म्हणाली. "तिने सांगितलं होतं ना."

"काय सांगितलं होतं?"

"म्हणाली, तू नुसती वर चढ. बाकीचं तुझे पप्पा करतील."

स्वयंपाकघरात पोळी लाटण्याचा आवाज चालू होता.

"कोण... कोण म्हणालं, बेटा?"

पलकने माझ्याकडे बघितलं नाही. रंगाचा डबा उचलला, वही उचलली आणि ती सोफ्याच्या टोकाला सरकली. तिच्या आणि माझ्या मध्ये एका माणसापुरती जागा करून ती पुन्हा रंगवायला लागली.