पांढऱ्या पिकअप

डोळ्यांचा डॉक्टर किंवा मयत, यापलीकडे आमच्या गावचं कोणी जानेवारीत सॅस्कटून शहरात फिरकत नाही. मी आईला डॉक्टरकडे नेलं होतं. बाहेर उणे एक्केचाळीस अंश. डॉक्टरने घातलेल्या थेंबांमुळे तिला समोरचं धड दिसत नव्हतं, पण पेट्रोल संपत आल्याची टिंगटिंग बरोबर ऐकू आली.

"लुबको, हिवाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नसते. तुझे बाबा असते तर कान पिळला असता."

"औषध घेतो आणि लगेच भरतो. पाच मिनिटं."

"तुझी पाच मिनिटं! तेवढ्यात माझं लग्न लागून तू झालाससुद्धा."

औषधांच्या दुकानासमोर मी गाडी चालूच ठेवली. या थंडीत इंजिन बंद करण्याचा शहाणपणा कोणी करत नाही. आवारात वीसेक पिकअप धडधडत होत्या, निम्म्या आमच्यासारख्याच पांढऱ्या, आणि त्यांच्या धुराचं धुकं छातीपर्यंत साचलं होतं. घाईघाईत परक्याच्या गाडीत जाऊन बसणं हा इकडचा जुना विनोद आहे. आमच्या फादर ओनुफ्रींनी तर एकदा भलत्याच बाईला पार पुलापर्यंत उपदेश केला होता.

आत ही रांग. पाचाची चाळीस मिनिटं झाली. माझा जीव टांगणीला लागला होता. पिशवी मिळताच धावत सुटलो, दार उघडून आत बसलो. आई शेजारी शालीत डोळ्यांपर्यंत गुरफटून बसली होती.

"मिळालं?"

"मिळालं."

गाडी रस्त्याला लागली. चाळीस मिनिटांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. पेट्रोल पंप दिसला म्हणून काट्याकडे पाहिलं, तर टाकी भरलेली. काटा गोठला असेल, मी मनाशी म्हटलं. तो गोठत नाही, हे मला ठाऊक होतं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. पडद्यावर 'आई'.

मी शेजारी पाहिलं. हातमोज्यांतले दोन्ही हात मांडीवर होते, रिकामे, स्वस्थ.

"लुबको, अरे आहेस कुठे?" फोनमधून आई ओरडत होती. "गाडी बंद पडली की रे! मला काही दिसत नाहीये, हात नुसते ठणकतायत."



"कोण आहे?" शेजारून आईच्याच आवाजात विचारलं गेलं.

"आई," मी म्हणालो.

"मग सांग ना तिला, येतोय म्हणून."

मी गाडी वळवली. त्या बाजूला पुन्हा पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. आवारात गाडी तशीच सोडून मी धुरात शिरलो. पांढऱ्या गाड्यांमागून पांढऱ्या गाड्या. हात लावत गेलो. एकच मुकी होती, काचा आतून बर्फाने बंद झालेल्या.

दार उघडलं. आई आत होती.

"आलास?"

तिला उचलून दुकानात आणलं. काउंटरवरच्या मुलीने खुर्ची दिली, चहा दिला. मी आईसमोर गुडघ्यांवर बसलो, तिचे हातमोजे काढले, हात चोळू लागलो. मला रडू आवरेना.

"चुकलो गं आई."

"असू दे रे," ती म्हणाली.

खिशात फोन वाजला. एका हाताने तो कानाला लावला.

"लुबको, घाई करू नकोस हं." आईचा आवाज आता जड झाला होता, पेंगुळलेला. "हात दुखायचे थांबले बघ."

हात दुखतायत तोवरच थंडीत माणूस वाचतो, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात.

माझ्या दुसऱ्या हातातले हात चांगले ऊबदार होते.