चार दिवस बुडी न मारणारं कासव

थोरली जिवंत आहे का, एवढंच चिमणीला बघायचं होतं. थोरली म्हणजे गाडीच्या चाकाएवढ्या पाठीचं मादी कासव. तिच्या कवचावर चिमणीने स्वतःच्या हाताने टॅग चिकटवला होता. श्वास घ्यायला ती वर आली, की टॅग ठिकाण कळवायचा आणि वनखात्याच्या ऑफिसातल्या नकाशावर ठिपका उमटायचा. महिनाभर सगळे ठिपके खाडीत पडले. अजून दोन आठवडे पडले असते, तर विणीच्या हंगामात खाडीतली मासेमारी बंद करायचा हुकूम निघणार होता. अन् अचानक ठिपका उघड्या समुद्रातल्या खडकावर गेला. चार दिवस टॅग एकाच जागेहून अखंड बोलत राहिला. म्हणजे थोरली बुडी मारतच नव्हती. कपारीत अडकून उन्हात भाजत असणार!

दादाने होडी काढली, पण कुरकुरतच. तो मच्छीमार, समुद्र कोळून प्यायलेला. चिमणीला सुकाणू धरायला त्यानेच शिकवलेलं.

"वारा फिरलाय, चिमणे. उद्या जाऊ."

"उद्यापर्यंत ती मरेल, दादा."

खडक जवळ आला आणि समुद्र बिथरला. एक लाट आत आली. इंजिन खोकलं, बंद पडलं! होडी खडकाकडे ओढली जाऊ लागली. दादाने दात आवळून वल्हं खडकाला रेटलं. वल्हं मोडलं! चिमणीने दोर घेऊन खडकावर उडी टाकली. गुडघा फुटला, तळवे सोलले, पण दोर सुळक्याला अडकला. होडी वाचली.

कपारीत कासव नव्हतं. नुसता टॅग होता, फडक्याच्या घडीवर नीट ठेवलेला, अँटेना वाकू नये म्हणून दोन्ही बाजूंना दगड लावलेला. चोराने तो उपटून समुद्रात भिरकावला असता. इतक्या जपून टॅग काढायची रीत चिमणीने एकाच माणसाला शिकवली होती.

ती होडीत उतरली. "थोरलीला काही केलं नाहीस ना?"

"नाही गं. जाळ्यात आली होती, टॅग काढून लगेच सोडली तिला." दादा इंजिनाची दोरी ओढत राहिला, त्याने वर बघितलं नाही. "खाडी बंद झाली तर मी जाळं कुठे टाकू? म्हटलं, ठिपके इकडे पडले की तुमचे साहेब खाडीचा नाद सोडतील."

"पाण्याखाली टॅग गप्प बसतो, दादा. कोरड्यावर अखंड बोलतो. एवढं एकच तुला सांगायचं राहिलं."

परक्याने केसाने गळा कापला असता तर तिने सोसलं असतं. ज्याच्या भरवशावर ती आयुष्यभर पाण्यात उतरली, त्यानेच दगा दिला होता, आणि घरी जायला त्याचीच होडी होती. तिला त्याच्याकडे बघवेना.

तिसऱ्या झटक्याला इंजिन सुरू झालं. खाडीच्या तोंडाशी दादा एकदम भलतीकडे बघू लागला. चिमणीने मान वळवली. पाण्यावर रुंद पाठ, पाठीवर टॅग निघाल्याचा फिकट चौकोन! थोरली! दादाला ती आधी दिसली होती, तरी तो बोलला नव्हता.

चिमणीने फोटो काढला, वेळ आणि ठिकाण वहीत टिपलं. मग 'टॅग निघण्याचं कारण' या रकान्यात दोन शब्द लिहिले.

"माझं नाव लिहिलंस?" दादाने विचारलं.

"नाव नाही लिहिलं," ती म्हणाली. "'सख्खा भाऊ' एवढंच लिहिलंय."