दोन्ही हात बटणांवर

"ह्या माणसाचा हात जाईल की ओ!"

निगडीच्या बस थांब्यावर स्वरूपाने दचकून मान वर केली. शेजारी बसलेला, कंपनीचा निळा शर्ट घातलेला तरुण चक्क तिच्या हातातली कथा वाचत होता. वर ओशाळायचं सोडून काळजीत पडला होता!

"कोणाचा हात?"

"तुमच्या हिरोचा. एका हातानं पत्रा दाबायची प्रेस चालवतोय अन् दुसऱ्यानं हिरोईनला टाटा करतोय. मोकळा हातच आत जातो, मॅडम. म्हणून तर दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येते."

स्वरूपाचा चेहरा पडला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली होती — 'कामगार खरा वाटत नाही. आठ दिवसांत सुधारून द्या, नाहीतर यंदा राहू द्या.' तिची पहिलीच कथा! एम.ए.च्या प्रबंधात पानापानाला संदर्भ देणारी ही मुलगी, कथेसाठी मात्र चार व्हिडिओ बघून मोकळी झाली होती.

"मला... शिकवाल?" तिने धीर करून विचारलं.

तो नवनाथ. बीडचा, चाकणला प्रेसवर ऑपरेटर. पहिली शिफ्ट सुटली की रोज थांब्यामागच्या टपरीवर यायचा. ती वही उघडायची. प्रेसच्या ठेक्यावर तो मनात गाणी म्हणतो, आवाज जरा बदलला तरी बिघाड ओळखतो... ऐकता ऐकता तिचं लिहायचंच राहून जायचं. किती जीव लावून काम करतो हा!

"इतकं बारीक तर आमच्या सुपरवायझरनं पण कधी विचारलं न्हाई," तो कौतुकाने म्हणायचा.

खरं तर सहाव्या दिवशीच तिचे प्रश्न संपले होते. सातव्या दिवशी तिने डब्यात भाजी कुठली असते, हेसुद्धा विचारून घेतलं!

आठव्या दिवशी तिने कथा वाचून दाखवली.

"आता खरा झाला तुमचा हिरो," नवनाथ हळूच म्हणाला.

"पण शेवट अडलाय," स्वरूपा वहीकडे बघत म्हणाली. "त्याला तिचा हात धरायचाय... आणि दोन्ही हात तर बटणांवर. मग काय करतो तो?"

"शिफ्ट सुटायची वाट बघतो."

"आणि सुटल्यावर?"

नवनाथने घड्याळात पाहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"माझी सुटून तास झाला..." म्हणत त्याने तळहात बाकावर उघडा ठेवला.

स्वरूपाने वही मिटली, आणि आपला हात त्याच्या हातात दिला.