बोंबील आणि सहा साड्यांची गोधडी

मऊ अंथरूण मिळालं, वेळेवर जेवण मिळालं, पाठीवरून हात फिरवणारं माणूस मिळालं, की कुणीही चार दिवसांत टवटवीत होतं. बोंबील झाला नाही. उलट आणखी बिघडला. आता बोला!

बोंबील हा मासा नव्हे, कुत्रा. रत्नागिरीच्या मासळी बाजारामागे तो सापडला तेव्हा त्याच्या पोटावर, कानांवर आणि पंजांवर केसच नव्हते. कातडी कुठे लाल, कुठे काळी आणि जाड. खाज तर अशी, की खाजवून खाजवून रक्त काढायचा बिचारा. अकरा वर्षांच्या केतकी मयेकरनं त्याला पाहिल्याबरोबर त्याचं नाव ठेवून टाकलं, कारण इतका बारीक आणि बिनकेसांचा प्राणी तिनं आजवर फक्त ताटात पाहिला होता.

प्राणी आधार केंद्राची पद्धत अशी, की आजारी कुत्र्याला एकदम दत्तक द्यायचं नाही. आधी त्याला एखाद्या सांभाळघरात ठेवायचं. तिथल्या माणसांनी त्याला खाऊपिऊ घालायचं, औषधं द्यायची, त्याच्या खोडी ओळखायच्या, आणि मग तो कायमच्या घरी जायचा. थोडक्यात, कुत्रा आपला, पण पाहुणा. केतकीला हे आधी नीट सांगितलं होतं आणि तिनंही ‘हो, हो, कळलं’ म्हटलं होतं. दप्तर आवरायला सांगितल्यावर म्हणते, अगदी तसंच.

केंद्राच्या पशुवैद्य डॉ. रुबिना मुकादम बोंबलाला सोडायला आल्या, तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही.

“केतकी, याला आधी दोन घरांनी नेलं आणि दोघांनीही परत आणून सोडलं. मी महिनाअखेरीला येईन. तोवर खाज आटोक्यात आली, तर याला घर मिळेल. नाही आली, तर मला याला केंद्रात न्यावं लागेल आणि मग तो कायमचा तिथंच राहील. तीनदा परत आलेल्या कुत्र्याला कुणी विचारत नाही गं.”

“तो परत येणार नाही, डॉक्टर,” केतकी ठणकावून म्हणाली.

औषधांच्या पिशवीबरोबर डॉक्टरांनी एक यंत्रमानवही दिला. मानव कसला, सोललेल्या नारळाएवढा गोळा! एक डोळा, तीन चाकं आणि अखंड बडबड. त्याला तोंड नव्हतं म्हणून ते दुखत नव्हतं, एवढंच. केतकीनं त्याला नारळोबा म्हणायला सुरुवात केली. बोंबलाच्या पट्ट्यात एक चकती होती. बोंबील किती खाजवतोय ते त्या चकतीवरून नारळोबाला कळायचं आणि तसा त्याचा डोळा रंग बदलायचा. खाज नसली की हिरवा, थोडी असली की पिवळा, फार झाली की लाल.

पहिले दोन दिवस बोंबील स्वयंपाकघराच्या दाराशी फरशीवर पडून राहिला. डोळा पिवळा. केतकीला ते बघवेना. पाहुण्याला कुणी उघड्या फरशीवर झोपवतं का? तिनं माळ्यावरून स्वतःची गोधडी काढली. ती जन्मली तेव्हा बाबांच्या मावशीनं सहा जुन्या सुती साड्या एकावर एक ठेवून, बारीक धावदोरा घालून शिवलेली. ही गोधडी अकरा वर्षांत कुणी धुतली नव्हती. धुतली तर विरेल म्हणून वर्षातून एकदा फक्त उन्हात घालायचे. केतकीची ती सगळ्यांत लाडकी वस्तू, आणि तिनं ती बोंबलाला दिली. तोही शहाणा, दोन गिरक्या घेऊन तिच्यात जो घुसला तो बाहेरच येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारळोबाचा डोळा लालभडक!

मग काय, घरात नुसती धावपळ. बाबांनी बोंबलाच्या जेवणातला बांगडा बंद केला. केतकीनं कडुनिंबाच्या पाल्यानं त्याला आंघोळ घातली. शेजारच्या काकूंनी सुचवलं म्हणून फरशी पुसायचं फिनेल बदललं. एवढं करूनही तो खाजवतोच आहे, म्हणजे थंडी वाजत असणार, असं म्हणून केतकीनं गोधडी त्याच्याभोवती दुहेरी गुंडाळली. डोळा लाल तो लालच.

“शाब्बास!” नारळोबा म्हणाला. “एका दिवसात चार बदल. समजा, उद्या बोंबील बरा झाला, तर हार कुणाच्या गळ्यात घालायचा? पाल्याच्या की फिनेलच्या बाटलीच्या?”

“टोमणे मारण्यापेक्षा उत्तर सांग ना!”

“माझ्याकडे उत्तर नाही, केतकीबाई. पद्धत आहे. प्रयोग करायचा, तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. मग फरक पडला तर कशानं पडला ते कळतं.”

केतकीनं नाक मुरडलं, पण गोष्ट तिला पटली होती.

बाबा खाडीतली सूर्यबोट चालवायचे. म्हणजे उन्हावर चालणारी बोट. धूर नाही की आवाज नाही. रविवारी घरी कुणी नाही म्हणून त्यांनी केतकी, बोंबील आणि नारळोबा अशी सगळी वरात बोटीवर नेली. बोंबील इंजिनाशेजारच्या फळ्यांवर पसरला आणि पाय ताणून घोरायला लागला. दुपारपर्यंत डोळा पिवळा झाला आणि संध्याकाळी तर चक्क हिरवा!

“खारा वारा!” केतकी ओरडली. “खाऱ्या वाऱ्यानं त्याला बरं वाटतंय!”

“असं? आणि तुमच्या घरात कुठला येतो, गोड?” नारळोबानं विचारलं.

केतकी विचार करू लागली. घर खाडीच्या काठावरच होतं. बोटीवर लागणारा वारा खिडकीतूनही यायचा. मग घरी होतं आणि बोटीवर नव्हतं असं काय? जेवण तेच. औषधं तीच. माणसंही तीच. तिच्या मनात एक विचार आला आणि तो तिला मुळीच आवडला नाही.

“नारळोबा,” ती हळूच म्हणाली, “उद्यापासून गोधडी बोटीवर ठेवायची. घरी बोंबील फरशीवर झोपेल.”

“का बरं?”

“कारण घर आणि बोट यांत दोन फरक आहेत. जागा वेगळी आणि अंथरूण वेगळं. दोन्हींतला गुन्हेगार कोण ते असंच कळेल. आणि काही बोलू नकोस!”



पुढच्या आठवड्यात एक दिवस घरी, एक दिवस बोटीवर असं चाललं. घरात उघड्या फरशीवर डोळा पिवळा, मग हिरवट. बोटीवर, त्याच वाऱ्यात, पण गोधडीत, लाल. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. प्रश्नच उरला नाही.

“आता गोधडीला विचारू या, तू काय केलंस ते,” नारळोबा म्हणाला. त्यानं गोधडीतली चिमूटभर धूळ डोळ्याखाली ठेवायला लावली आणि चित्र मोठं करून भिंतीवर पाडलं.

केतकी दोन पावलं मागे सरली. भिंतीवर आठ पायांचे, फुगीर, आंधळे जीव हळूहळू चालत होते.

“ई! हे माझ्या गोधडीत?”

“जगातल्या बहुतेक गाद्यांत, उशांत आणि गोधड्यांत. हे धूळकिडे (घरातल्या धुळीत राहणारे, टाचणीच्या डोक्याहूनही लहान जीव). आपल्या अंगावरून कातडीचा बारीक कोंडा सतत झडत असतो. तेच यांचं जेवण. पाणी प्यायला तोंड लावत नाहीत, हवेतला दमटपणा शोषतात. कोकणातली हवा आणि सहा थरांची उबदार गोधडी म्हणजे यांची मेजवानीच. चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. भानगड होते ती यांच्या विष्ठेमुळे. तिच्यात काही प्रथिनं (सजीवांच्या शरीरात तयार होणारे पदार्थ) असतात.”

“पण मी अकरा वर्षं दर थंडीत याच गोधडीत झोपते! मला का नाही खाज?”

“आता विचारलास खरा प्रश्न. कातडी म्हणजे विटांची भिंत समज. विटा म्हणजे पेशी (ज्यांचं शरीर बनलेलं असतं ते बारीक कण), आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे शरीरानं बनवलेला स्निग्ध पदार्थ. तुझ्या भिंतीचा चुना घट्ट आहे. बोंबलाचा जन्मापासूनच भुसभुशीत. फटीतून ती प्रथिनं आत शिरतात. आत उभी असते रोगप्रतिकारक यंत्रणा (शरीराची पहारेकरी फौज). खरं तर या प्रथिनांनी काही बिघडत नाही. पण बोंबलाचे पहारेकरी भलतेच तापट. त्यांना वाटतं, शत्रू आला! ते आरडाओरडा करतात, म्हणून कातडी लाल होते, सुजते आणि खाजते. खाजवलं की भिंत आणखी पडते. भिंत पडली की आणखी प्रथिनं आत. नुकसान न करणाऱ्या गोष्टीवर फौज अशी धावून जाते, तिला ॲलर्जी म्हणतात. ही खरूज नाही, एकाची दुसऱ्याला लागत नाही.”

केतकी खाली बसली. बोंबलानं येऊन तिच्या मांडीवर हनुवटी टेकली, तशी तिला रडूच फुटलं.

“मीच केलं रे हे! माझ्याकडची सगळ्यांत चांगली वस्तू दिली आणि तुला रक्त येईपर्यंत खाजवायला लावलं!”

“तुला माहीत नव्हतं, बाळा,” बाबा म्हणाले.

“आणि शोधून काढलं कुणी?” नारळोबा म्हणाला. “फिनेलच्या बाटलीनं?”

केतकीला रडता रडता हसू आलं. तिनं डोळे पुसले. “हे किडे मरतात कशानं?”

“कडकडीत गरम पाण्यात धुतलं की किडे मरतात आणि विष्ठाही वाहून जाते. नुसत्या उन्हानं ती जात नाही. पण ही गोधडी जाड आहे. आतपर्यंत धुतली जाणार नाही आणि या हवेत सुकणारही नाही.”

केतकी उठली आणि कात्री घेऊन आली.

“अगं, अगं! मावशीच्या हातचा टाका आहे तो!” बाबांच्या तोंडचं पाणी पळालं.

“मावशीआजीनं ती कुणाला तरी ऊब मिळावी म्हणून शिवली होती ना, बाबा? माळ्यावर ठेवायला नव्हे.”

 मग बाबाही दुसऱ्या टोकाकडून टाके उसवायला बसले. सहा साड्या सुट्या झाल्या. हिरवी, बुट्ट्यांची, पट्ट्यापट्ट्यांची. गरम पाण्यात धुतलेली हिरवी साडी बोंबलाच्या अंथरुणावर आली. दर आठवड्याला ती धुवायची, गोळ्या आणि मलम चालू ठेवायचं, आणि भिंतीचा चुना टिकावा म्हणून डॉक्टरांच्या औषधी साबणानं आंघोळ घालायची. हळूहळू कातडी मऊ पडली. कानांवर लव आली. मधे एकदा आभाळ दाटून हवा दमट झाली तेव्हा डोळा पुन्हा लाल झाला, पण यावेळी केतकी घाबरली नाही. काय करायचं ते तिला माहीत होतं.

महिनाअखेरीला डॉक्टर आल्या. त्यांच्याबरोबर खाडीपलीकडच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या नलिनी शेट्ये बाईही होत्या. बोंबलानं त्यांचे बूट हुंगले आणि सरळ पोट वर करून लोळण घेतली. तांबूस केसांचं पोट!

“अगदी गुणी आहे हो! म्हणजे हा पूर्ण बरा झाला ना?” शेट्येबाईंनी विचारलं.

बाबा खाकरले. केतकीनं बोंबलाकडे पाहिलं. ‘हो’ म्हटलं की काम झालं. बोंबलाला घर मिळालं. पण मग पुन्हा दमट हवा येईल, पुन्हा खाज सुटेल आणि बाई म्हणतील, मला फसवलं.

“नाही,” ती स्पष्ट म्हणाली. “आणि बहुधा कधीच होणार नाही. त्याची ॲलर्जी जन्माची आहे. पण ती आटोक्यात राहते. अंथरूण गरम पाण्यात धुवायचं, औषध चुकवायचं नाही आणि खाज वाढली तर त्याच्यावर रागवायचं नाही. एवढं केलं तर तो मजेत राहतो. तुम्हाला जमत नसेल तर आत्ताच सांगा. त्याला परत यायचं नाहीये.”

 डॉक्टर हलकेच म्हणाल्या, “आधीच्या दोन्ही घरांना मी म्हटलं होतं, होईल बरा. तिथंच चुकलं.”

शेट्येबाईंनी पर्स उघडली आणि दम्याचा पंप काढून केतकीच्या हातात ठेवला. “मलाही याच किड्यांची ॲलर्जी. त्याला खाज येते, मला दम लागतो. कुत्र्यांची ॲलर्जी नाही, ते तपासून घेतलंय. माझ्या घरात जाड गाद्या नाहीत, पडदे नाहीत, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात. मी तरी कुठे बरी झालेय? पण रोज डोंगर चढून शाळेत जाते.”

“म्हणजे तुमचं घर आधीच तयार आहे!” केतकी थक्क झाली.

“आणि बोंबलासाठी लस-थेंबही सुरू करता येतील,” डॉक्टर म्हणाल्या. “त्याच प्रथिनाचा अगदी कणभर अंश रोज द्यायचा, हळूहळू वाढवायचा. पहारेकऱ्यांना ओळख पटते, की हा शत्रू नाही. याला महिने लागतात आणि सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. पण नवे थेंब दर वर्षी सुधारताहेत. अजून पुष्कळ शोधायचं बाकी आहे.”

“ते मी शोधीन,” केतकी म्हणाली. तिनं हे इतक्या सहज म्हटलं, की कुणाला हसू आलं नाही.

निघताना तिनं हिरवी साडी घडी करून बाईंच्या हातात दिली. बोंबलाचे कान एकदा, दोनदा कुरवाळले. सूर्यबोट सुटली. बोंबील टोकाशी उभा राहून शेपूट हलवत होता. केतकी हात हलवत राहिली, रडलीसुद्धा, आणि तिला त्याची लाज वाटली नाही.

घरी आल्यावर नारळोबा म्हणाला, “केंद्रात एक म्हातारी कुत्री आलीय. तिलाही खाज आहे. कशाची ते अजून कुणाला कळलेलं नाही.”

केतकीनं चुलीवर पाणी तापत ठेवलं. गोधडीच्या पाच साड्या अजून शिल्लक होत्या.