बिनवासाचा मसाला

यतीनचं नाक त्या दिवशी रजेवर होतं. पार चोंदलेलं! गिरगावातल्या चिमुकल्या ऑफिसात तो बाम चोळत बसला होता, तेवढ्यात एक म्हातारी बाई पोटाशी काचेची बरणी धरून दारात उभी राहिली.

"चोरी झाली," ती म्हणाली. इतकं हळू, की ऋग्वेदाला खुर्ची पुढे ओढावी लागली.

ऋग्वेदा कोठारे, खासगी गुप्तहेर. नजर घारीची. यतीन तिचा मावसभाऊ आणि मदतनीस. त्याची नजर बहुतेक वेळा वडापाववर.

बाई म्हणजे आनंदीबाई परब. लालबागच्या चाळीत एकट्या राहायच्या. शेजारच्या राधाबाईंबरोबर वर्षानुवर्षं मिरच्या आणायच्या, गच्चीवर वाळवायच्या, डंकावर कुटून घ्यायच्या आणि मसाला निम्मानिम्मा वाटायच्या. यंदा आनंदीबाईंचे पाय जड झाले म्हणून राधाबाई एकटीच डंकावर गेली.

"आणि चांगला मसाला स्वतः ठेवून मला हा लाल भुसा दिला! घ्या वास."

यतीनने बरणीत नाक खुपसलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण वास? "शून्य! आजी बरोबर बोलतायत."

ऋग्वेदाने बरणी हुंगली, वरचा हिंगाचा खडा बोटाने फिरवला आणि झाकण लावलं.

"तिला मी तोंडावर चोर म्हटलं," आनंदीबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. "ती आता खोली सोडून लेकीकडे चाललीय. संध्याकाळी टेम्पो येणार. मी चुकले असेन तर आत्ताच सांगा. तिच्याशिवाय माझं दार कोण वाजवतंय? पण दिवसच भेसळीचे, बाई. अगरबत्ती बिनवासाची. सोनचाफासुद्धा हल्ली नुसता पिवळा."

लालबागला उतरल्यावर बरणी यतीनने घेतली. तरी आनंदीबाईंचा उजवा हात पोटाशीच, जणू बरणी अजून तिथेच होती.

डंकवाला निलेश भडकलाच. "माझ्याकडे भेसळ? दोघींचा मसाला एकाच खेपेत कुटला, मॅडम. राधाबाई समोर बसून होती. आणि आनंदीआजींचं काय सांगू? हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. मला वाटतं, शिव्याच घालतात!"

चाळीत आनंदीबाईंनी दूध गॅसवर ठेवलं आणि राधाबाईच्या आठवणी काढत बसल्या. यतीन मन लावून ऐकत होता. अचानक ऋग्वेदा उठली, धावली आणि गॅस बंद केला. टोप काळाठिक्कर! ना आनंदीबाईंना पत्ता, ना यतीनला.

शेजारी राधाबाई गाठोडी बांधत होती.

"चोर म्हणाली, तेही गिळलं असतं गो," ती म्हणाली. "पण आधीपासूनच ती बदललेली. लेकीच्या डोहाळजेवणाचं बोलावणं द्यायला गेले, तर दगडासारखी बघत राहिली. हसली पण नाही! चाळीत सगळे म्हणतात, आनंदी माजलीय. म्हणून कोण फिरकत नाही तिच्याकडे."

ऋग्वेदाने राधाबाईची बरणी मागितली. हुंगली. मग तिला हाताला धरून आनंदीबाईंच्या खोलीत आणलं.

"दोन्ही बरण्या सारख्याच घमघमतायत," ती म्हणाली.

"काय सांगतेस!" यतीन ओरडला. "मी स्वतः..."

"साक्षीदार म्हणून तू बाद. तुझं नाक सर्दीने बंद. आजींचंही बंद आहे, पण सर्दी नसताना. म्हणून मसाला, अगरबत्ती, सोनचाफा सगळंच एकदम भेसळीचं झालं. दूध करपलं तेव्हा खोलीत चार पावलांवर बसून कळलं नाही ते तुम्हा दोघांनाच."

आनंदीबाई पापणी न हलवता बघत होत्या.

"म्हणजे चोर नाहीच?" यतीनने विचारलं.

"आहे. एकच आहे आणि गुपचूप काम करतो. आधी वास नेला. मग आवाज, निलेशला पुटपुटणं वाटलं ते. मग चालताना हलणारा हात. आणि चेहऱ्यावरचं हसू. मेंदूतल्या काही पेशी हळूहळू झिजतात. लोक हात थरथरायची वाट बघतात, पण कित्येकांचं नाक त्याच्या आधीच जातं. माझा संशय पार्किन्सन्सवर आहे. खरं काय ते डॉक्टर सांगतील. उद्या परळच्या हॉस्पिटलात जाऊ. औषधं असतात, आजी."

खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

"राधे," आनंदीबाई म्हणाल्या. "डोहाळजेवणाचं सांगितलंस ना, तेव्हा मी हसले होते गो. मला वाटलं, तुला दिसलं."

राधाबाईने तोंडाला पदर लावला. "मला काय दिसणार, आनंदे? तुझ्या तोंडावर काहीच नव्हतं!"

"मी तुला चोर म्हटलं."

"म्हटलंस. त्याचं भांडण नंतर करू. सावकाश. आता कुठे पळून चाललेय मी?"

तिने गॅलरीतून वाकून टेम्पोवाल्याला परत जायला सांगितलं. तो वैतागून बरंच काही बोलला. मग तिने आनंदीबाईंच्या त्याच बरणीतला मसाला घालून बांगड्याचं तिखलं केलं. यतीन तीनदा शिंकला आणि त्याने दोनदा वाढून घेतलं.

आनंदीबाई खाली मान घालून जेवत होत्या. चेहरा कोरा.

"कसं झालंय गो?" राधाबाईने विचारलं आणि त्यांच्या तोंडाशी कान नेला.

"हसले," आनंदीबाई म्हणाल्या.