आचलची सुट्टी

आता मधात कोणी बोलू नका. हे आपल्या चिचगडच्या चैतरामसोबत घडलं. दोन वर्षांआधी, अठरा जानेवारीला.

रात्रीचे पावणेनऊ झाले होते. थर्मासमध्ये गरम पाणी आणायला तो गोंदियाच्या दवाखान्यातून खाली उतरला. वर वॉर्डात त्याची पोर आचल, सातव्या महिन्यातच झालेली, नऊशे ग्रॅमची. सत्तावीस दिवसांपासून काचेच्या पेटीत. "दोन महिने तरी ठेवावं लागेल," असं डॉक्टरच पहिल्या दिवशी बोलले होते. अन् आज संध्याकाळी म्हणे, "उद्या सुट्टी. बेड खाली करा."

चैतरामचं डोकं तापलं होतं. जेमतेम किलोभराची पोर, झोपेत श्वास विसरते, अन् चिचगडची वाट तीन तासांची!

पाणी घेऊन परतला, तर जिन्यावर एक बाई बसलेली. मांडीवर गुंडाळलेलं दुपटं.

"तुया पोरीले उद्या सोडून राहिले?"

"हो. तुले कोणं सांगतलं?"

"माया बाबूले बी असंच सोडलं. देवरीच्या अलीकडे... गाडीतच..."

"मग?"

तिनं दुपटं उलगडलं. आत काही नव्हतं. तरी ती थोपटत राहिली.

"नेऊ नोको..."

लाइट गेली. आली. पायरी रिकामी.

चैतराम धावतच वर गेला. सिस्टर कागद घेऊन उभी. "सही करा."

"नाई करत! दोन महिने तुमीच सांगतले ना? मंग आता काऊन हाकलून राहिले? पोलीस बोलवा, डॉक्टर बोलवा. मी दारातून उठत नाई!"

रात्रभर उठला नाही. सकाळी डॉक्टर ओरडले. हा दुप्पट ओरडला. शेवटी पोर राहिली.

त्याच दुपारी, गाडी देवरीच्या अलीकडे असती त्या वेळेला, पेटीचं यंत्र वाजलं. वीस लेकरांमागे एकच सिस्टर, ती दुसऱ्या टोकाला. चैतराम बाहेरून, दाराच्या काचेतून पाहत होता.

आचल निळी पडली...

हलेना...

तो दार बडवत राहिला.

सिस्टर पोचली, तेव्हा आचल रडत होती. लालबुंद.

सिस्टरनं पेटी उघडली. पोरीचा पाय हातात घेतला, अन् तळवा उजेडात धरला.

"तळवा कोणं चोळला?" ती हळूच म्हणाली. "श्वास अडकला की आम्ही असाच चोळतो. पण पेटी तर बंद होती..."

कोवळ्या तळव्यावर मोठ्या माणसाच्या अंगठ्याचा लाल ठसा.

त्रेसष्टाव्या दिवशी आचल घरी आली. आता अंगणभर पळते. पाय वाढला.

ठसा तेवढाच आहे.