नकाशावरचा हिरवा गोल

"आधी बाबांचं जंगल बघायचं, मग कॅरम," उंटाने सकाळीच बेत जाहीर केला. उंटा म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा. त्याची धाकटी बहीण लिंबू, कारण तिचं तोंड कायम आंबट. दोघं सुट्टीत मावशीकडे आली होती. मावशी उपग्रह केंद्रात कामाला, घरी लक्ष ठेवायला कोणी नाही. त्यामुळे तिची मुलगी चष्मिश आणि ही दोघं, अशी सगळी वरात रोज तिच्या मागोमाग केंद्रात जायची.

तिथे भिंतभर पडदा होता. उपग्रहाने पाठवलेल्या माहितीवरून त्यावर जंगलाचा नकाशा रंगायचा. पानांत भरपूर पाणी असेल तिथे हिरवा, पानं सुकू लागली की पिवळा, मग तपकिरी आणि आग दिसली की लाल ठिपका. तपकिरी रंग वाढला की केंद्रातून वनखात्याला इशारा जायचा. मग तिकडे पालापाचोळा हटवून वणवा अडवायची तयारी व्हायची. उंटाचे बाबा वनरक्षक. ते आणि त्यांचा एक जोडीदार त्याच जंगलातल्या चौकीत राहायचे.

"बाबांच्या आजूबाजूला सगळं तपकिरी झालंय," उंटा म्हणाला. "फक्त चौकीपाशी हिरवंगार."

चष्मिशने चष्मा सावरला. "पण किती गोल आहे बघ ते. झाडं काय कंपासने लावलीत?"

खरंच, बांगडी ठेवून काढावा तसा तो गोल होता. नकाशावाले काका शेजारीच चहा पीत बसले होते. तिघं त्यांच्याकडे वळली.

"तो आमचाच प्रताप," काका हसले. "तिथे कोळशाची भट्टी होती. तिच्यामुळे रोज लाल ठिपका, रोज इशारा आणि रोज वनखात्याच्या शिव्या. शेवटी साहेब वैतागले. म्हणाले, तेवढ्या जागेवर कायमचा हिरवा रंग भरून टाका."

"पण ती भट्टी गेल्या वर्षीच बंद झाली," उंटा म्हणाला. "बाबांनीच बंद केली. मी तिच्यावर चढून फोटो काढलाय."

काकांचा कप तोंडाशीच थांबला. "आम्हाला कोणी कळवलं नाही."

"मग आता पुसा ना तो गोल."

"साहेबांच्या परवानगीशिवाय नाही पुसता येत रे. आणि साहेब पाहुण्यांबरोबर आहेत."

मावशी म्हणाली, संध्याकाळी विचारते. बाबांना फोन लावावा, तर चौकीत फोन लागतच नसे. एवढ्यात चष्मिशच्या लक्षात आलं, लिंबू जागेवर नव्हती.

लिंबू सभागृहात पोचली होती. साहेब पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या नजरेतून जंगलातलं एक पानही सुटत नाही." लिंबूने वर्गात करतात तसा हात वर केला.

"मग त्या हिरव्या गोलात काय आहे ते दाखवा. आमचे बाबा तिथे आहेत."

साहेबांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. पण पाहुण्यांतल्या एक बाई म्हणाल्या, "दाखवा की. आम्हालाही बघू दे." आता साहेबांचा नाइलाज झाला. ते सगळ्यांना घेऊन पडद्यापाशी आले.

काकांनी गोल पुसला. खाली हिरवा रंग औषधालाही नव्हता. सगळं तपकिरी होतं आणि चौकीच्या बाजूला लाल ठिपक्यांची ओळ लागली होती.

साहेबांनी स्वतः वनखात्याला फोन केला. तिकडून जीप निघाली, पण रस्ता लांबचा होता. इकडे उपग्रह पुन्हा त्या जंगलावरून जाईपर्यंत पडद्यावर तेच चित्र राहणार होतं.

"मोठं करा ना, काका," लिंबू म्हणाली. काकांनी मोठं केलं. नुसते रंगीत चौकोन मोठे झाले. त्यात माणूस दिसणं शक्यच नव्हतं. लिंबू तरीही शोधत राहिली. उंटा तिच्या मागे उभा होता, त्याला धावत सुटावंसं वाटत होतं आणि धावायचं कुठे ते कळत नव्हतं. इतकं असहाय त्याला कधीच वाटलं नव्हतं.

दुपारी नवं चित्र आलं. लाल ठिपके चौकी ओलांडून पुढे गेले होते. मावशीने लिंबूला पोटाशी धरलं.

जीपवाल्यांचा फोन आला तेव्हा दिवस कलला होता. बाबा आणि त्यांचा जोडीदार ओढ्याच्या डोहात गळ्यापर्यंत पाण्यात उभे होते. जीपवाल्यांनी त्यांना बाहेर काढलं होतं. हात भाजले होते, पण दोघंही जिवंत होते. चौकी जळाली होती आणि डोंगराची अख्खी अलीकडची बाजू अजून जळत होती.

"जीप वेळेवर आली ती तुमच्यामुळे," धुराने बाबांचा आवाज घोगरा झाला होता. "पानं सुकताहेत हे आम्हाला दिसत होतं रे. पण वाटायचं, काळजीचं काही असतं, तर आजूबाजूसारखा आमच्याकडेही केंद्रातून इशारा आला असता."

फोन सगळ्यांना ऐकू जात होता. साहेब खाली बघत होते. मग ते मुलांजवळ आले आणि म्हणाले, "शाबास. आम्हाला जे दिसायला हवं होतं, ते तुम्ही पाहिलंत."

काकांनी लिंबूच्या पाठीवर थाप मारली. मावशीने डोळे पुसले.

"असे गोल अजून आहेत का?" लिंबूने विचारलं.

काकांनी नकाशा हळूहळू बाजूला सरकवला. एक हिरवा गोल आला, मग दुसरा, मग तीन एकदम.

"तिथल्या भट्ट्या चालू आहेत?" उंटाने विचारलं.

"माहीत नाही," काका म्हणाले.

"सगळे पुसा," साहेब म्हणाले आणि खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले.

काका पहिला गोल पुसायला लागले. उंटाने लिंबूचा हात घट्ट धरला. खाली काय निघेल आणि तिथे कोणाचे बाबा असतील, हे खोलीतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं.